रिकाम्या पायाची इस्त्री

समाजकल्याण कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे कुबडी घेतलेले एक निवृत्त सुभेदार होते. डावा पाय गुडघ्यापासून नव्हता, पण पँटच्या त्या रिकाम्या पायालाही कडक इस्त्री होती.

"काका, लष्कराचं अपंगत्वाचं पेन्शन मिळतंय ना? मग हे दिव्यांगांचं अनुदान कशाला?" कारकुनाने विचारलं.

"ते सीमेवर पाय गेला त्याचं. आज एसटीची पायरी चढवत नाही, त्याचं काय?"

पंधरा ऑगस्टला टाळ्या वाजवताना आपण हात आखडता घेत नाही. यांनी दुसरा हक्क मागितला की मात्र तो आपल्याला जास्तीचा वाटतो!

"साहेबांना विचारतो. तोवर बसा."

"विचारा. मी उभाच आहे."

बाकडं रिकामं होतं. सुभेदार ताठ उभे राहिले, इस्त्री मोडू न देता.