बाबांच्या अक्षरातले गेम

वाकोल्यात आमचं दुकान आहे. रस्त्याच्या वळणावर, एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला बेकरी. तिथे आता फक्त व्हिडिओ गेम मिळतात, आणि ते घ्यायला मुलुंडहून, घाटकोपरहून, बोरिवलीहून माणसं येतात. घरबसल्या फोनवरून मागवता येणारी वस्तू घ्यायला दोन रिक्षा बदलून येतात. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ दे.

दुकान बाबांनी काढलेलं. बाबा मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं. मग कॅसेट ठेवल्या, मग सीडी, मग मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज. जगाने जे मागितलं ते बाबांनी विकलं. पुढे त्यांना गुडघ्यांनी छळलं आणि दिवसभर उभं राहणं जमेना. तेव्हा मी अंधेरीतली नोकरी सोडली आणि काउंटरमागे येऊन उभी राहिले.

ती नोकरी शूटिंगचे दिवे भाड्याने देणाऱ्या कंपनीत होती. जेवणाच्या सुट्टीत तिथे गेम खेळायचा अड्डा जमायचा. चाळिशीतली माणसं हातात कंट्रोलर घेऊन लहान मुलांसारखी भांडायची. त्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकायचे. "घरी आणून लावल्यावर कळतं यार, आपल्याला हा जमतच नाही." ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. कव्हरं तर प्रत्येक कोपऱ्यावर मिळत होती. आपण गेमच ठेवायचे, असं मी ठरवलं आणि बाबांना सांगितलं.

"गेम?" बाबा म्हणाले. "पोरां मोबाइलार फुकट खेळतत. तुझ्याकडे कित्याक येतली?"

"टीव्हीला लावायचे मोठे गेम, बाबा. त्याची माणसं वेगळी असतात."

"बरां," ते म्हणाले. बाबांचं 'बरां' म्हणजे होकार नसतो. ते नुसतं वाद थांबवणं असतं.

मी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. काचेचं कपाट, त्यात ओळीने लावलेले खोके, कपाटाला कुलूप. माणसं थांबायची, काचेतून बघायची, फोनवर भाव पडताळायची आणि निघून जायची. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "ताई, वाट लागली ना रिटेलची. आता सगळं ऑनलाइन."

एकदा एक बाई कॉलेजातल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला गेम माहीत होता, तिने नेमका तोच काढायला सांगितला. आईने खोका उलटसुलट करून पाहिला. मागे बारीक इंग्रजीत बरंच काही छापलं होतं.

"ह्यात काय आहे? मारामारीच ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो काकू, चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?"

मी तो कधी खेळलेच नव्हते. मुलगी सांगायला लागली, पण तिचं सांगणं आईला विश्वासाचं वाटेना. आईने खोका काउंटरवर ठेवला आणि दोघी गेल्या. मुलगी वळून वळून कपाटाकडे बघत होती. मासळीवाली मासा न बघता विकत नाही, आणि मी मात्र बंद खोके विकायला बसले होते.

त्याच आठवड्यात मी घरातला टीव्ही दुकानात आणला. एक कन्सोल जोडला, पुढे दोन स्टूल ठेवले, आणि टीव्हीचं तोंड रस्त्याकडे केलं. वरची ट्यूबलाइट पडद्यावर चमकत होती, ती काढून बाजूला लावली. इतकी वर्षं दिवेवाल्यांत काढली होती, एवढं तर कळत होतं. मग दुपारच्या सुस्त वेळात मी स्वतः खेळायला बसले. फार वाईट खेळायचे. गाडी भिंतीवर, माणूस पाण्यात. पण रस्त्यावरून जाणारे थांबू लागले. वाईट खेळणाऱ्याला बघून लोकांना राहवत नाही.

"ताई, उडी मारताना दुसरं बटण पण दाबा ना," कुणीतरी बाहेरून सांगायचं.

"या, तुम्हीच दाखवा," मी म्हणायचे.

बाबा आतल्या खुर्चीवरून बघत होते. "फुकट खेळतले आणि जातले," ते म्हणाले. काही खरंच तसे गेले. पण बरेच जण उठताना विचारायचे, हा आहे का तुमच्याकडे? हातात धरलेली गोष्ट माणसाला खाली ठेववत नाही. मी कपाटाचं कुलूप काढून टाकलं आणि नियम केला, एक डाव कुणीही खेळावा, कुठलाही खेळावा. कलिन्याकडे कॉलेजला जाणारी मुलं-मुली येऊ लागली. ऑफिसातून घरी जाताना एक बँकेतल्या मॅडम यायच्या, पर्स मांडीवर ठेवून एक डाव खेळायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता घरी जाऊन स्वयंपाक करता येईल."

तरी घरातली मोठी माणसं बिचकायची. खोक्यावरचं इंग्रजी त्यांना वाचायचं नसायचं आणि मुलांच्या सांगण्यावर भरवसा नसायचा. तेव्हा वाटलं, प्रत्येक गेमखाली मराठीत एक कार्ड लावावं. हा गेम काय आहे, कुणासाठी आहे, एवढंच. मी छापखान्यात विचारून आले.

"छापतंस कित्याक?" बाबा म्हणाले. "माका सांग. मी लिवतंय."

बाबांचं अक्षर ही आमच्या चाळीतली प्रसिद्ध गोष्ट होती. गणपतीचा फलक, कबड्डी मंडळाचा फलक, कुणाच्या वर्षश्राद्धाची सूचना, सगळं तेच लिहायचे. वळणदार, ठसठशीत, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. पण त्यांची एक अट होती. कळल्याशिवाय ते एक अक्षर लिहीत नसत. त्यामुळे प्रत्येक गेमची माझी तोंडी परीक्षा सुरू झाली.

"ह्यो माणूस धावता कित्याक?"

"त्याचं गाव जळलंय, बाबा."

"आग कोणी लावली?"

"ते अजून कळलं नाही."

"मगे बघ आधी. तोपर्यंत मी काय लिवू?"

मी पुढे खेळायचे, आग कुणी लावली ते शोधून काढायचे आणि त्यांना सांगायचे. मग ते पेनाचं टोपण काढायचे. हळूहळू ते स्वतः स्टुलावर येऊन बसू लागले. गुडघा लांब करून, कंट्रोलर पोटाशी धरून. शेतीचा एक गेम त्यांना फार आवडला. त्याचं कार्ड असं होतं: "शेती करायची, गाई पाळायच्या, शेजाऱ्यांशी गोड बोलायचं. मारामारी नाही. मन शांत होतं. जेवणाची हाक मात्र ऐकू येणार नाही." एका लढाईच्या गेमखाली त्यांनी लिहिलं, "रक्त पुष्कळ आहे. लहान मूल असलेल्या घरात नको. गोष्ट मात्र उत्तम, शेवटी डोळ्यांत पाणी येतं." आणि दोन खेळाडूंनी मिळून स्वयंपाकघर सांभाळायचं असतं, त्या गेमखाली लिहिलं, "नवरा-बायकोने खेळल्यास भांडण संभवते. तरी खेळावा."

ह्या कार्डांनी दुकान चालायला लागलं. लोक फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. अनोळखी माणसं दारात उभं राहून विचारायची, "ते भांडण संभवते वालं दुकान हेच का?" पाळण्यातलं बाळ घेऊन आलेली जोडपी कार्डं वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि मोठमोठ्याने हसायची. आई-वडील मुलांना न विचारता कार्डाला विचारायचे. कार्ड 'नको' म्हणत असेल तर घेत नसत, पण त्यामुळेच कार्ड 'हो' म्हणेल तेव्हा निर्धास्त घेत. 'नको' लिहिल्याने विक्री वाढते, हे मी कुठल्याही कोर्समध्ये शिकले नसते.

मग एका मोठ्या वितरकाचा माणूस आला. चांगला मुलगा होता, बोलायला गोड. त्याने दुकान पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा माल उठतोय. आम्ही तुम्हाला दिव्यांचा मोठा डिस्प्ले देतो. फक्त ही हाताने लिहिलेली कार्डं काढायला लागतील. प्रीमियम नाही वाटत ना."

बाबा तेव्हा कार्ड लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पेनाला टोपण लावलेलं मी पाहिलं.

"कार्डं राहतील," मी म्हटलं. "डिस्प्ले बाहेरच्या भिंतीला लावूया."

"तसं नाही चालत, मॅडम. वरून सूचना आहे."

"मग डिस्प्ले नको."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "येडी काय गो तू? माझ्या अक्षरासाठी एवढो मोठो माणूस परत धाडलंस?"

"लिहा तुम्ही," मी म्हटलं. आवाज शांत ठेवला होता, पण आतून घाबरले होते. आणि घाबरण्यासारखं झालंही. पुढचा गाजलेला गेम मॉलमधल्या दुकानात आधी आला, आमच्याकडे मागाहून. नेहमीची मुलं ओशाळून सांगायची, "ताई, तिकडून घेतला गं, थांबवेना." त्यांचं काय चुकलं? पण नवेपणात आपण मॉलला हरवू शकत नाही, हे मला कळून चुकलं. मॉलकडे नाही असं आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे आया येत होत्या, काका येत होते, बँकेतल्या मॅडम येत होत्या.

म्हणून मी स्पर्धा ठेवली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, रविवारी सकाळी, चाळीच्या बाजूच्या हॉलमध्ये. नियम असा, की जोडीनेच खेळायचं, आणि जोडीतला एक जण घरातला मोठा माणूस हवा. आई, बाबा, आजोबा, मामी, कुणीही. बाबांनी फलक लिहिला: "मुलांनी मोठ्यांना घेऊन यावे. मोठ्यांनी कारणे सांगू नयेत."

हॉल भरला. इतका, की खुर्च्या पुरेनात आणि बेकरीवाल्याने पावाचे रिकामे क्रेट उलटे करून दिले. मढहून एक मुलगी आईला घेऊन आली होती. आई मासे विकायची. "रविवारचा बाजार सोडून आलेय मी," तिने मला आल्या आल्या सांगितलं. "नीट खेळवा."

माइकवर कुणीतरी बोलायला हवं होतं. मी बाबांना सुचवलं. गिरणीत असताना ते कबड्डीच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचे, असं माझी आई सांगायची. मी ते कधी ऐकलं नव्हतं. बाबा आधी नको नको म्हणाले. मग पहिली शर्यत सुरू झाली आणि त्यांना राहवेना.

"तांबडी गाडी फुडे, निळी मागे... निळी अजून मागेच आसा, निळीक काय घाई नाय... वळण इला, वळण इला, मेल्या बिरेक मार, बिरेक... गेली. गेली गटारात."

सगळा हॉल हसून लोळत होता. ज्यांना मालवणी येत नव्हती तेही. बाबा उभे होते. गुडघ्यांचं नाव नाही. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती, एक हात हवेत होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की तरुणपणी हा माणूस मैदानाच्या कडेला कसा उभा राहत असेल.

मढची आई अंतिम फेरीपर्यंत पोचली. समोर मुलुंडचे एक आजोबा आणि त्यांचा नातू होता. मुलीने आपली फेरी जिंकली, पण आईची गाडी शेवटच्या वळणावर भिंतीला घासली आणि दोन्ही फेऱ्यांच्या एकूण वेळेत आजोबांची जोडी थोडक्यात पुढे निघाली. टाळ्या झाल्या. आईने कंट्रोलर सोडला नाही.

"परत लाव," ती मला म्हणाली.

"काकू, संपली स्पर्धा. दुसऱ्या आलात तुम्ही."

"बक्षीस त्यांनाच दे. पण परत लाव."

आजोबांनीही पुन्हा बाह्या सरसावल्या. मी परत लावली. त्यावेळी ती जिंकली, आणि तेव्हाच उठली.

बक्षिसं देताना कुणीतरी बाबांना म्हणालं, "काका, तुमचं दुकान एकदम झकास चालवलंय तुम्ही." बाबांच्या हातात माइक तसाच होता.

"दुकान माझ्या चेडवाचां," ते म्हणाले. "मी थंय लिवक बसतंय."

दुकान लेकीचं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले तेव्हा मी केबल गुंडाळत होते. ती गुंडाळत राहिले, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते.

त्यानंतर, बहुधा हॉलच्या गर्दीची बातमी पोचल्यामुळे, वितरकाकडून गेम वेळेवर येऊ लागले. डिस्प्लेचं कुणी बोललं नाही, कार्डांचंही नाही. स्पर्धा आता दर वर्षी होते आणि हॉल आधीच सांगून ठेवावा लागतो. मॉलमधल्या दुकानातला एक सेल्समन सुट्टीच्या दिवशी वडिलांना घेऊन आमच्याकडे खेळायला येतो. आपण कुठे कामाला आहोत ते तो स्वतःच सांगतो, आणि मीही हसून त्याला बसायला जागा करून देते.

परवा बोरिवलीहून एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या. सासूबाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि दुपार खायला उठते म्हणत होत्या. बाबांनी त्यांना समोर बसवलं, पूर्वी काय काम करायच्या ते विचारलं. त्या पोस्टात होत्या. बाबांनी बराच विचार केला आणि मला म्हणाले, "तो गावातल्या वाटांचो गेम काढ." मी काढला. त्यात गावभर फिरून दारोदार पत्रं पोचवायची असतात. सासूबाई खेळत बसल्या, सून माझ्याशी गप्पा मारत बसली, आणि निघायची वेळ झाली तेव्हा सुनेला सासूबाईंना दोनदा हाक मारावी लागली.