मंगळावरचा वारा मी ओढला

"थांबव! थांबव म्हणतो ना!"

आतून रावसाहेब ओरडले नि माझ्या हातातली दोरीच सुटली. रावसाहेब म्हणजे कल्याणातले रेल्वेचे इंजिनेर. मी त्यांच्या बंगल्यावर पंखा ओढते. ड्यूटी खरी आमच्या ह्यांची. पण हे तापाने आडवे पडले, जागा दुसऱ्याने घेतली असती, म्हणून मी बसले. अंगावर पिणारं पोर घेऊन.

पंखा म्हणजे छताला टांगलेली मोठी कापडी झालर. तिची दोरी भिंतीच्या भोकातून व्हरांड्यात येते. मी बाहेर बसून ओढायची. आत वारा किती लागतो ते मला दिसत नाही.

घाबरत आत गेले. टेबलावर काळी फरशी, तिच्यावर खडे मांडलेले. फरशीवरचा विटांचा चुरा सगळा रावसाहेबांच्या मिशांत.

"अगं, वादळ नकोय मला. मंगळावरचा वारा हवाय."

मंगळ! सासूबाई तर सांगतात, त्याच्या नजरेला तान्हं पोर दाखवू नये.

"तिथे वारा असतो, साहेब?"

"दुर्बिणीतून बघतो मी. तिथे लाल जागा आहेत, काळ्या आहेत. काळ्यांचा आकार बदलतो. लोक म्हणतात, ते समुद्र. मला वाटतं, खाली काळा खडक नि वर लाल धूळ. वारा ती इकडची तिकडे नेतो. तेच इथे करून बघायचंय. तुला जमत नसेल तर उद्यापासून दुसरा माणूस बसवतो."

त्यांनी चुरा परत पसरला. मी बाहेर येऊन हळू ओढलं.

"काहीच हलत नाही!"

जोरात ओढलं.

"गेलं सगळं! आणि ते पोर कशाला रडतंय? घरी ठेव त्याला!"

घरी कसं ठेवू? दूध कोण पाजणार? पण जागाही सोडायची नव्हती. पोर वाशाला टांगलेल्या झोळीत. झोका द्यायला हात रिकामा नाही. मग मी झोळीची दोरी पंख्याच्याच दोरीला बांधली. नि ओढलं.

आता ओढ पुरी जाईना. झोळीचं वजन मधेच मागे खेचायचं. वारा थोडा यायचा, थांबायचा, परत यायचा. पोर गप्प झालं. मी ओढत राहिले.

"आत ये," रावसाहेब एकदम हळू म्हणाले.

चुरा उडाला नव्हता, सरकला होता. प्रत्येक खड्यामागे लाल शेपूट. मधे बारीक लाटा, ओहोटीला खाडीच्या रेतीवर उमटतात तशा. बाकी काळी फरशी उघडी पडलेली.

"कसं केलंस?"

मी झोळी दाखवली. त्यांनी वाकून दोरीची गाठ बघितली. मग म्हणाले, "पोर काढून दगड ठेवू का आत?"

"ठेवा. पण मग रडणारं पोर तुम्ही घ्या."

तोंडातून निघून गेलं. वाटलं, गेली जागा.

रावसाहेबांनी मिशीतली धूळ झटकली. "राहू दे पोर झोळीतच."

हे बरे झाले, परत ड्यूटीवर गेले. नि दुपारी मलाच बोलवायला आले. "साहेब विचारतायत, बाळ कुठाय?"

आता सकाळी हे ओढतात, दुपारी मी. मंगळावर खरंच असं होतं का, ते रावसाहेबांनाही ठाऊक नाही. एका फरशीवरून ठरत नाही म्हणतात. मी एवढंच सांगेन, बाईला पोरापायी कामावरून काढायच्या आधी ते पोर काय काम करतंय ते बघून घ्यावं.