शेजारणीच्या वडलांची थ्री-नॉट-थ्री

सर्व संबंधितांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, गेल्या खंडेनवमीस, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, नोव्हाय, मिशिगन येथे एका परदेशी लष्करी रायफलीस यथासांग हळद-कुंकू वाहून झेंडूचे फूल अर्पण करण्यात आले. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती त्यांनी स्वतःजवळच ठेवावी. ज्यांची खरोखर हरकत होती ते गृहस्थ दोन वाजता आले, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रायफल आमची नव्हे. ती शेजारच्या बाईंची. बाई पंचाहत्तरीच्या, शाळेतून निवृत्त, एकट्या. गुडघ्यांनी जिने चढायचं नाकारल्यावर त्यांनी घर विकलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका संकुलात खोली घेतली. तिथे मांजर चालतं, बंदूक चालत नाही. मांजर त्यांच्याकडे नव्हतं.

माझा यात संबंध काय? मी गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आमच्या गल्लीत डॉक्टरला लोक गुडघे दाखवतात आणि मला, जे काही मोजता येईल ते सगळं. आठवडाभर केसाहून बारीक फरक मोजून आलेल्या बाईला शनिवारी कोणी विचारलं, हा सोफा त्या दारातून जाईल का, तर तिने काय करावं? मी टेप घेऊन जाते. बावीस वर्षं जातेय. पण त्या दिवशी बाईंनी दार उघडून सोफ्याऐवजी कपाटातली रायफल दाखवली, तेव्हा माझ्या पोटात जुना व्हिसा जागा झाला. मी कधीच नागरिक झालेय, पण बंदूक दिसली की वाटतं, आता कोणीतरी कागद मागणार.

"हनी, तू मोजमापातली ना? ही खरी आहे का ते सांग."

"बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग ज्याला कळतं तो शोधून दे."

लांब जुनी रायफल, काळपट लाकडी दस्ता, वर बसवलेली पितळी कडांची दुर्बीण. बाईंचे वडील नदीपलीकडच्या विंडसरचे. कॅनडाच्या फौजेतून इटलीत लढले, मग डेट्रॉइटला येऊन तीस वर्षं गाड्या जोडल्या. बरोबरीच्या कामगारांनी चार पैसे जमल्यावर तळ्यावर फिरायला बोटी घेतल्या, यांनी नाही. युद्धाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. फक्त दर नोव्हेंबरात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, गॅरेजचं दार आतून लावून ही रायफल मांडीवर घेऊन बसायचे. भाऊ म्हणायचा, डॅडी स्नायपर होते, दडून दुरून माणसं टिपायचे, आणि ही त्यांचीच युद्धातली बंदूक. वडील हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

"ही नकली निघाली तर कोणीही घेऊन जावी," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी जिने माणसं मारली तीच ही असेल, तर सोमवारी मी ती पोलिसांकडे नेऊन तुकडे करायला देणार. कोणीतरी भिंतीवर टांगेल आणि तिच्याखाली बसून बीअर पिईल, ते मला नकोय. मला फक्त कळायला हवं."

म्हणून मी पारखी शोधला. ओहायोत राहणारे एक गृहस्थ, जुन्या लष्करी हत्यारांचा परवानाधारक धंदा. त्यांचं ईमेल आलं, त्यात एकच ओळ मोठ्या अक्षरांत: काहीही झालं तरी बंदूक साफ करू नका. ऐंशी वर्षांचा मळ आणि तेल, त्याच थरावर तिचा सगळा मान. मी बाईंना हे तीनदा बजावलं.

आईला बजावायचं राहिलं.

आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि चौथ्या महिन्यात होती. म्हणजे खिडकीतून रस्ता बघायचा, रस्त्यात कोणी नाही, मग फोन बघायचा, तिकडे सगळे झोपलेले. भुसावळकडच्या काडतुसांच्या सरकारी कारखान्यात तिने एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून काडतूस येणार, ती गेज लावणार, पास किंवा नापास. बंदूक बघायला मिळणार म्हटल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याआधी बूट घालून तयार.

खोल्यांत खोकी रचलेली. जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर रायफल. आई बघतच राहिली.

"अगं, ही तर थ्री-नॉट-थ्री! आमच्या फाटकावरच्या हवालदाराकडे हीच असायची. फक्त हिला चष्मा आहे." मग माझ्याकडे वळून, "आज खंडेनवमी आहे, लक्षात आहे ना?"

मी स्वयंपाकघरात बाईंच्या कपबशा मोजत होते. त्यांना सोळा न्यायच्या होत्या, मावणार होत्या नऊ. तेवढ्या पाच मिनिटांत आईने ओलं फडकं मागून घेतलं ('वेट क्लॉथ, प्लीज', तिचं इंग्रजी कामापुरतं चोख आहे; बाईंना वाटलं, हात पुसायला), दस्ता पुसला, पर्समधून पुडी आणि झेंडूचं फूल काढलं, आणि मी बाहेर आले तेव्हा ऐंशी वर्षांचा थर फडक्यावर होता आणि दस्त्याच्या मानेवर हळद-कुंकवाची ठसठशीत बोटं.

"आई! अगं काय केलंस!"

"काय केलं? शस्त्राची पूजा केली. फॅक्टरीत आम्ही लेथला हारसुद्धा घालायचो."

"ती पुसायची नव्हती!"

"पुसल्याशिवाय पूजा करतात का कोणी?"

बाई मात्र खूश. "किती छान रंग आहे!" म्हणाल्या. "शाळेत चित्रकलेला आम्ही असाच वापरायचो."

दोन वाजता पारखी आले. साठीचे, डोळ्यांखाली पिशव्या, पहाटेपासून गाडी चालवत आलेले. टेबलाकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी विज्ञान, धर्म आणि माफी असं सगळं एका वाक्यात मांडलं. त्यांनी हात वर केला. "मॅम, एका गृहस्थाने असली बंदूक पाण्यात भिजवून ठेवली होती. चालतंय."

मग ते भिंग घेऊन बसले. समजावून सांगत होते, पण अशा आवाजात, की हे त्यांनी शंभर घरांत सांगितलंय आणि नव्वद घरांत लोक रुसलेत. साध्या बंदुकीला मागाहून दुर्बीण बसवून फसवणारे खूप. खऱ्या जोडीत दुर्बिणीचा नंबर बंदुकीच्या दस्त्यावर ठोकलेला असतो आणि बंदुकीचा नंबर दुर्बिणीच्या पकडीवर. जत्रेत जोडप्याने एकमेकांची नावं गोंदवून घ्यावीत तसं.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"दोघांचे नंबर जुळतात का बघतायत."

"पत्रिका बघतोय होय? मग बसू दे."

दस्त्यावरचे आकडे झिजलेले असतात, ते वाचायला पारखी खडूची पूड चोळतात. इथे पूड आधीच चोळलेली होती. आकड्यांच्या खाचांत कुंकू जाऊन बसलं होतं आणि नंबर लालभडक उठला होता. पारख्यांनी तो वाचला, मग दुर्बिणीवरचा नंबर पुटपुटत वाचला. पकड उलटी करून तिच्यावरचाही वाचला.

"जुळतात. सगळे. मॅम, ही अस्सल आहे. अशी जोडी वर्षातून एखादी दिसते मला." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं.

बाई एका खोक्यावर बसल्या. खोक्यावर 'फुटेल' असं लिहिलेलं होतं, कोणी उठवलं नाही. "मग ठरलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी पोलीस."

पारख्यांचा चेहरा असा झाला, की कोणी त्यांच्यासमोर हत्ती कापायला काढलाय. पण वाद घातला नाही. दमले होते. मीही दमले होते. त्या खोलीत दमलेलं नव्हतं ते फक्त एक माणूस, आणि ते नळीच्या मागच्या लोखंडावर नाक टेकवून शिक्के वाचत होतं.

"हे काय लिहिलंय गं? ई, एन, जी... इंग्लंड?"

"आई, आता राहू दे."

"अगं पण कशाला? फौजेच्या मालावर नंबर असतो, सरकारी बाणाची खूण असते, तपासनिसाचा शिक्का असतो. देशाचं नाव कोण घालतं? सैनिकाला माहीत नसतं का तो कुठला? देशाचं नाव बाहेर विकायला काढलेल्या मालावर घालतात. तुझ्या नवऱ्याच्या बनियनवर असतं तसं."

मी हे भाषांतर केलं, बनियन वगळून. पारख्यांनी भिंग तिकडे नेलं.

"त्यांचं बरोबर आहे. मी तिथेच येत होतो." येत होते की नाही देव जाणे. "मॅम, सैनिकाला रायफल फौजेकडे परत करावी लागायची. तुमच्या वडलांची, असली तर, तिकडेच राहिली. ही युद्धानंतर मोडीत काढलेल्या मालातून जहाजाने इकडे आली. तेव्हा अशा दुकानांत मिळायच्या, पोस्टानेही यायच्या. वडलांनी ती इथे विकत घेतली."

बाईंनी विचारलं, "कुठलीही मिळायची? दुर्बिणीशिवायसुद्धा?"

"दुर्बिणीशिवायच जास्त. ही मुद्दाम मागवावी लागली असणार."

बाईंनी दुर्बिणीवर बोट टेकवलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय झालं?" आईने हळूच विचारलं.

"त्यांच्या वडलांनी ती दुकानातून आणली म्हणे."

"मग चांगलं झालं ना? रडतेय कशाला ती?"

"रडत नाहीये गं. दमलीये."

आई जाऊन शेजारच्या खोक्यावर बसली. दोघी खोक्यांवर. नंतर बाई उठल्या आणि पारख्यांना म्हणाल्या, "हिने कोणाला काही केलं असेल, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी वडलांनी. घेऊन जा. कोणाला द्यायची ते तुम्ही बघा." पारख्यांनी कागद काढले, बाईंनी शाळेतल्या अक्षरात सह्या केल्या. त्यांनी कुंकू न पुसता रायफल पेटीत ठेवली आणि कड्या लावल्या. आम्ही दारापर्यंत गेलो. गाडीचं मागचं दार बंद झालं. ते हात हलवून निघाले, वळणापर्यंत गेले, आणि बाई एकदम जाळीचं दार ढकलून पायरीवर आल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडल्या:

"बोट घ्यायची ना, डॅडी! सगळ्यांच्या वडलांनी बोट घेतली!"