संघपालच्या डावीकडची जागा

संघपालबद्दल चांगलं बोलणारे आमच्या मूल गावात पैशाला पासरी मिळतील. तो माझा सख्खा धाकटा भाऊ. नौदलात आहे, आणि गेलं वर्षभर तो एका विमानवाहू जहाजावर होता. मी नागसेन, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, इथल्याच एका राईस मिलमध्ये मशीन चालवतो. माझ्याबद्दल बोलायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा हे मी पोटात दुखतं म्हणूनच लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी फार मोठा शोध लावल्याचा आव आणू नये.

तसा मलाही एक मान होता. आमच्या वॉर्डाच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. नऊ वर्षं ते मी करत होतो. मिलमधून सहाला सुटायचं, अंगावरचा कोंडा धुवायचा, पांढरा सदरा चढवायचा आणि सातला माइकपुढे बसायचं. त्या एका तासात म्हातारी माणसंही मान हलवत माझं ऐकायची. दिवसभर 'ए नागसेन, बेल्ट सरकला, पाय' असं ऐकणाऱ्या माणसाला तो तास काय असतो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

संघपालला नौदलात घातलं तेही मीच. तलावात पोहायला मी शिकवलं, पहाटे सायकलवरून त्याच्या मागे राहून त्याला पळवलं मी. विसाव्या वर्षी मीसुद्धा नागपूरला भरतीला गेलो होतो. त्याच वर्षी बाबा गेले म्हणून माझं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी धावण्यात बाद झालो होतो, आणि तेही बाबा जायच्या दोन महिने आधीच.

बाबाही मिलमध्येच होते. वीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले, आधी डावा आणि मग उजवा. चंद्रपूर रोडवर त्यांच्या मागून ट्रक आला. हॉर्न वाजवत आला म्हणतात, पण त्यांना तो ऐकूच गेला नाही. तेव्हापासून आमची माय, बायनाबाई, मला कानात कापसाचे बोळे घातल्याशिवाय मिलला जाऊ देत नाही. संघपाल नौदलात गेला तेव्हा ती रडली नाही. एक लेकरू तरी मिलमधून सुटलं, म्हणाली.

गेल्या वर्षी आश्विन पौर्णिमा झाली आणि चार दिवसांनी तो जहाजावर चढला. समुद्रात असताना फोन करता येत नाही. जहाज बंदराला लागलं की मायच्या मोबाइलवर त्याचे आवाजी मेसेज यायचे, महिन्या-दीड महिन्याचे एकदम.

"माय, हे जहाज म्हंजे आपल्या तलावाची पाळ समज, तेवढं लांब. वरून सपाट," असा पहिला मेसेज होता. "आमचं काम पाणबुडी हुडकाचं. खाली कोणाची पाणबुडी लपून असन तं वरून दिसत नाई. मंग आमचं हेलिकॉप्टर जाते, पाण्यावर अधांतरी थांबते अन् तारेले बांधून एक यंत्र खोल सोडते. ते यंत्र आयकते, खाली कोण हाये ते. हेलिकॉप्टर वापस आलं का पंख्याखालून वाकून जाचं अन् त्याले साखळीनं डेकले बांधाचं, हे माहं काम."

माय तो मेसेज दिवसातून चार वेळा ऐकायची. पंख्याखालून वाकून जायचं, यात एवढं काय आहे? मी फिरत्या बेल्टखालून दिवसातून चाळीस वेळा वाकून जातो. मला कोणी व्हॉइस मेसेज पाठव म्हणत नाही.

उन्हाळ्यात त्यांचा सराव झाला. आपलीच एक पाणबुडी समुद्रात लपली आणि हे तीन दिवस तिला शोधत राहिले. एक हेलिकॉप्टर उतरलं की दुसरं उडायचं, याला बसल्या बसल्या डुलकी काढावी लागायची. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणबुडी सापडली आणि सगळ्या जहाजाला शिरा मिळाला. त्या शिऱ्याची गोष्ट आमच्या वॉर्डात लग्नाच्या पंगतीसारखी गाजली.

मग आमच्या विहार समितीचे अध्यक्ष लटारू गुरुजी यांच्या कानावर हे गेलं. गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे. आम्हा दोघा भावांना बाराखडी त्यांनीच शिकवली. ते म्हणाले, "नागसेन, वाचन झाल्यावर पोराचा मेसेज माइकवर लावत जाय. लेकरायले कळू दे, आपला माणूस कुठी पोचला."

त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. यंदाच्या आषाढी पौर्णिमेपासून वाचन झालं की मी मायचा मोबाइल माइकला लावून धरायचो. पहिल्या आठवड्यात लोकांना वेळ कळली. मग वाचनाला अकरा माणसं आणि मेसेजला सत्तर, असं सुरू झालं. नवा मेसेज नसला तर जुना लावा म्हणायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

पावसाळ्यातला मेसेज तर अजून पोरांना पाठ आहे. "बावन दिवस झाले, जमीन नाई पायली. काल हेलिकॉप्टर उतरलं अन् जहाज तिरपं झालं. ते सरकून राह्यलं होतं काठाकडं, आतमंधी तीन माणसं. आम्ही सहा जण साखळ्या घेऊन धावलो. कोण काय सांगून राह्यला काईच समजे नाई. पण बांधलं." बायांनी तोंडावर हात ठेवले. शेवटी टाळ्या पडल्या. मोबाइल धरून माझा हात दुखत होता आणि पोटही.

कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय. आश्विन पौर्णिमेला संघपाल सुट्टीवर येतोय असं कळताच समितीनं ठरवलं, की यंदा समारोपाचं शेवटचं पान तो वाचेल. ते पान वाचणाऱ्याला शाल मिळते. नऊ वर्षं ती मला मिळाली होती. मी तोंड पाडलं, तर गुरुजी म्हणाले, "तू तं दरसालच वाचतं ना बा." नव्वद दिवस घसा मी कोरडा करायचा आणि शेवटचं पान साहेबांनी वाचायचं!

तो दोन दिवस आधी आला. काळा पडला होता, बारीक झाला होता, आणि मोठ्यानं बोलत होता. मायनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. जेवताना मी त्याला दोनदा विचारलं, परत कधी जातो? त्यानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, चढली हवा डोक्यात.

दुसऱ्या दिवशी तो मिल बघायला आला. सगळी मशीनं सुरू होती. मी नुसते ओठ हलवून म्हणालो, "तिकडं सरक." आवाज काढलाच नव्हता. तो सरकला. बाबा अगदी असंच करायचे. ऐकू येईनासं झाल्यावर ते तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे.

मी त्याला भुशाच्या ढिगामागे ओढत नेलं. "डावा?"

त्यानं मान हलवली. जहाज तिरपं झालं त्या दिवशी कोण काय ओरडतंय ते कळेना म्हणून त्यानं कानावरचं झाकण वर केलं होतं. हेलिकॉप्टरचं इंजिन हाताच्या अंतरावर होतं. तेव्हापासून डाव्या कानात नुसतं गुणगुणतं. "जहाजावरच्या डॉक्टरले मालूम हाये, दवाई चालू हाये. महिनाभरानं तपासणी हाये. सुधारलं तं डेकवर, नाई तं खाली भांडारात. पण मायले नको सांगू, दादा. तिले समजलं तं ते मले जाऊच देत नाई. पाय पकडून बसन."

मग म्हणाला, "उद्या विहारात तू माह्या डावीकडं बस. कोणी काई बोललं तं गुडघ्याले हात लाव. मी वळून पाहीन."

बसतो, म्हणालो. त्याचं ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. पांढऱ्या कपड्यांत सगळा वॉर्ड, समोर पोरं, एका बाजूला बाया, बायांच्या पहिल्या ओळीत माय. संघपालच्या डावीकडे मी आणि माझ्या पलीकडे खुर्चीवर लटारू गुरुजी. संघपालनं शेवटचं पान वाचलं. कसं वाचलं म्हणाल, तर चार ठिकाणी अडखळला आणि एक ओळ गाळली. टाळ्या थांबेनात. मी नऊ वर्षांत एकदाही अडखळलो नाही आणि मला कधी एक टाळी पडली नाही. त्याच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा मी पायाचा अंगठा बघत होतो.

तेव्हा गुरुजी खुर्चीतून पुढे वाकले. त्यांच्या हातात माइक नव्हता, आवाजही आता बारीक झालाय. "बेटा संघपाल, वळखलं का मले?"

माझा हात माझ्याच मांडीवर होता. तो मी हलवला नाही.

"संघपाल, बाराखडी कोणं शिकवली तुले, सांग बरं या लेकरायले."

संघपाल समोरच्या पोरांकडे बघून हसत होता. गुरुजींनी तिसऱ्यांदा हाक मारली. बायांमधून सत्यशीलाबाई म्हणाली, "पाय वं, जहाजावर गेला अन् गुरुजीलेच वळख देऊन नाई राह्यला." दुसरी कोणीतरी म्हणाली, "साहेब झाला आता तो." वर्षभर मला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. दोन श्वास घेईपर्यंत ते फार गोड लागलं.

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसायला घेतला. मला तिकडे बघवेना, म्हणून मी मायकडे बघितलं. माय गुरुजींकडे बघतच नव्हती. ती संघपालच्या डाव्या कानाकडे बघत होती. आता ती उठणार, सगळ्यांसमोर त्याला विचारणार, आणि मग त्याचं जहाज संपलं. पुढच्या महिन्यात तो माझ्या शेजारी कोंड्यात उभा असेल. वर्षभर मी मनातल्या मनात हेच मागत होतो. ते एवढं जवळ आलेलं बघून मला माझीच किळस आली.

मी संघपालचा गुडघा दाबला आणि माइक हातात घेतला. त्याला ओठ दिसावेत म्हणून त्याच्याकडे तोंड करून बोललो.

"गुरुजी, त्याची गलती नाई. मी त्याले दम देला होता. शाल घेजो, पण कोणासंग एक शब्द बोललास तं याद राख, म्हणलं. हा मान माहा हाये. नऊ वर्षं मी वाचून राह्यलो, अन् त्याच्या फोनपुढं माहं कोणी आयकत नाई. म्हून तो चूप बसला."

आवाज जराही कापला नाही. दम दिल्याचं सोडलं तर बाकी सगळं खरंच होतं.

संघपाल उठला आणि गुरुजींच्या पायाशी वाकला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "इतके साल वाचलं, नागसेन. तुह्या आतमंधी एक अक्षर नाई गेलं का बा?"

खीर वाटून होईपर्यंत समितीचं ठरलंही. पुढच्या वर्षीपासून वाचन दीपिका करणार, डी.एड. करते ती. कोणी हरकत घेतली नाही. मला खीर वाढली ती पातेल्याच्या तळाची, करपलेली.

माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. संघपाल घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "दादा, हात उशिरा लावला तू."

"हो," म्हणालो.

त्यानं पुढे काही विचारलं नाही. मला त्याचाही राग आला. भांडला असता तर मला बरं पडलं असतं.

सुट्टी संपली. बल्लारशाहून पुढची रेल्वे होती, म्हणून आम्ही त्याला मूलच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागली. माय डब्बा घेऊन त्याच्या डावीकडे उभी होती. तिनं तोंड उघडलं, मग थांबली, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि मग म्हणाली, "साखळी बांधतानी डोये उघडे ठेवजो. कानाच्या भरवशावर राहू नको."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग बसमध्ये चढला. बस चंद्रपूर रोडला वळेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.

मी विचारलं, "तुले कधीपासून मालूम?"

"आला त्याच दिवशी. जेवतानी."

"अन् जाऊ देलं?"

"तुह्या बाबाले मी बारा वेळा मिल सोडाले लावली. घरी बसून तो माणूस अर्धा होऊन जाये. मंग मीच पाठवाची."

"मंग मी विहारात एवढ्या लोकायसमोर माही इज्जत घालवली ते कायच्यासाठी?"

माय माझ्याकडे बघून म्हणाली, "ते तुह्या पोटात होतं, ते बाहेर पडलं. त्यात त्याच्यासाठी काय केलं तू?"

आणि ती पुढे चालू लागली. मी तिच्या मागून चालत होतो. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात एवढंच होतं, की मी बहिरा झालो असतो तर ती अशी वळसा घालून माझ्या बाजूला आली असती का.