ओढणाऱ्याची फुप्फुसं

"हे काळे ठिपके कसले?" बर्फातल्या फुप्फुसांवर वाकून सर्जनसाहेबांनी विचारलं.

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. म्हणजे अवयव देणारं घर आणि डॉक्टर यांच्या मधला सांगकाम्या. वणीचा रामदास डोक्याला मार लागून ब्रेन डेड झाला होता. थोरल्या भावानं, बापूरावांनी, छातीवर दगड ठेवून होकार दिला. पुण्याची टीम आमच्या यवतमाळच्या हॉस्पिटलात आली. तिकडे पुण्यात एक शाळेतल्या बाई ऑक्सिजनवर वाट पाहत होत्या. काढलेली फुप्फुसं बर्फात काही तासच टिकतात. लोणच्यासारखी भरून ठेवता येत नाहीत.

काढण्याआधीच्या तपासण्या उत्तम होत्या. रक्तात ऑक्सिजन भरपूर जात होता. फुगवून सोडलं की फुप्फुस चटकन बसत होतं. नडले ते ठिपके.

"सर, वणीला कोळसा आहे. दोरीवरचं धोतरही काळं होतं तिथं."

"धूळ चालेल. सिगारेट-बिडी नाही चालणार."

"व्यसन नाही म्हणाले घरचे."

"सगळेच म्हणतात. मी स्वतः विचारतो."

बापूराव बाहेर बाकावर बसले होते. साहेबांनी हळूच विचारलं, "भाऊ ओढायचे का तुमचे?"

"ओढे ना साहेब. रोज."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. आमचा बाप ओढे. मी बी ओढतो."

साहेबांचा चेहरा पडला. गेली बाईंची फुप्फुसं!

"दिवसाला किती?"

"पाच क्विंटल तं कुठी गेले नाही."

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडे बिडी ओढत नाहीत, पितात! ओढतात तो मालाचा ठेला, म्हणजे हातगाडी.

"बापूरावभाऊ, रामदास बिडी पिये काय?"

"राम राम! वासानंच उलटी होये त्याले. खर्रा खाये फक्त."

"खर्रा?" साहेब पुन्हा दचकले.

"सुपारी-तंबाखू, सर. गालात धरतात. गाल कुठं न्यायचाय आपल्याला?"

साहेब हसले आणि डबा बंद करायला पळाले. बापूरावही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "ज्याले बसवान, त्याले सांगा, बिडी पिऊ नको म्हणा. माह्या भावानं लय जपून वापरले."

निरोप पोचवला. बाई आता शाळेचा जिना चढतात.

मी मात्र 'ओढायचे का' विचारणं सोडलं. 'प्यायचे का' म्हटलं तर दारूचं पुराण सुरू होतं. आता सरळ दोन बोटं ओठांशी नेतो आणि फुंकून दाखवतो.