रवंथाची वीज

पीएच.डी.साठी मी नांदेडला कापड बनवते, असं घरी सांगितलं होतं. फार खोटं नव्हतं. विरघळवलेलं पॉलिमर सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला हजारो व्होल्ट द्यायचे. सुईतून केसाहून कितीतरी बारीक तंतू निघतात, समोरच्या पत्र्यावर त्यांचा पांढरा पापुद्रा जमतो. तो वाकवला, दाबला की किंचित वीज तयार होते. मी तो बोटानं दाबत बसायचे. शेवटी गाईड म्हणाले, "बोट पुरे झालं. खरी हालचाल शोधा."

देवणीजवळच्या आमच्या गावात, गोठ्यातली गाय दिवसभर जबडा हलवायची. पापुद्र्याचा तुकडा तिच्या जबड्याला बांधायच्या पट्ट्यात शिवला, वीज साठवणारं सर्किट आणि बारका लाल दिवा जोडला, आणि सुट्टीत घरी गेले.

"काय बांधून राहिलीस तिला?" आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"ती रवंथ करू लागली की दिवा लागंल."

"तिला कशाला पाहिजे दिवा?"

पुढं अशाच विजेवर गाईच्या तब्येतीची खबर देणारं यंत्र चालेल, बॅटरी लागणार नाही, असं मी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बांध. पण दूध काढल्यावर."

पट्टा बसताच गाईनं रवंथ बंद केला. आम्ही तिच्याकडं बघत राहिलो, ती आमच्याकडं. चहा घेऊन आलेली आईही थांबून बघू लागली.

"इतके जण बघून राहिल्यावर कोण खाईल?" आप्पा म्हणाले.

मग आम्ही कडब्याच्या गंजीआड बसलो. बऱ्याच वेळानं गाय खाली बसली, जबडा हलला. काही घास झाले आणि दिवा लुकलुकला. आप्पांनी माझा दंड घट्ट धरला. "लागला की गं!" ते कुजबुजले, आणि उठून गल्ली गोळा करायला गेले.

गल्ली आली. गाय थांबली.

"लागला होता," आप्पा प्रत्येकाला सांगत होते. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

माणसं गेल्यावर ती पुन्हा रवंथ करू लागली, तेव्हा मी विजेच्या नोंदी घेतल्या. त्यांचा आलेख प्रबंधात छापला गेला, पदवीही मिळाली. पट्टा आप्पांनी ठेवून घेतला.

आता गावात लाईट गेली की शेजारचे चुलते ओरडतात, "आप्पा, गाय चालू करा!"

आप्पा गंभीरपणे सांगतात, "अजून तिची वैरण व्हायची हाय."