बेबीताई, रिद्धीने आज तुझ्या उशाशी बसून खाल्लं

आज दुपारी मयताच्या घरात, मयत उठायच्या आधी, माझ्या मुलीने ज्यूस प्यायला आणि बिस्किटं खाल्ली.

ज्यांना ते खटकलं त्यांनी मला खुशाल अनफ्रेंड करा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

माझी मोठी बहीण, बेबीताई, आज पहाटे गेली. शहाडला, स्वतःच्या घरात. अटॅक आला.

रिद्धी माझी मुलगी. तेरा वर्षांची. सात वर्षांची असताना तिला टाइप वन डायबेटिस निघाला. म्हणजे तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बोटाला टोचून शुगर बघायची, जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं. रोज. आयुष्यभर.

चॉकलेटं खाऊन होत नाही हो हे. इतकी वर्षं सांगतोय, आज पुन्हा सांगतो.

त्यात अँग्झायटी.

चारचौघांत सुई काढायची म्हटलं की हात गार, छातीत धडधड, श्वास पुरत नाही. शाळेत टॉयलेटमध्ये लपून इंजेक्शन घ्यायची. मग शाळाच नको झाली. वाढदिवस नको, लग्न नको, घोडबंदरच्या आमच्या फ्लॅटच्या बाहेर पाऊल नको.

नातेवाइकांचे सल्ले होतेच. कोणी म्हणालं, लाडावलीय, नाटकं करते. एका काकूंनी तर बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, कुठे बोलू नका, उद्या पोरीचं लग्न जमवायचंय. पोरगी तेव्हा चौथीत होती.

दोन वर्षांपूर्वी गावात चुलतभावाच्या मुलाची हळद होती. आमच्या आगरी हळदी तुम्हाला माहीत आहेत. डीजे, अख्खं गाव, जेवणाच्या पंगती. रिद्धी कशीबशी आली होती. जेवायच्या वेळी बघतो तर बाथरूमपुढे ही रांग, आणि पोरगी मांडवाच्या मागे इन्सुलिनचा पाऊच छातीशी धरून उभी. रडतेय, श्वास पुरत नाहीये. आम्ही दोघं तिला समजावतोय, चल, घरी जाऊ.

तेवढ्यात बेबीताई आली. काय झालं वगैरे काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, बसली आणि स्वतःचं बोट पुढे केलं.

"मना टोच."

"तुला कशाला, आत्या?"

"बगू दे, माजी किती हाय ती."

रिद्धीने डोळे पुसले, नवी सुई लावली आणि टोचली. मशीनवर आकडा आला तीनशेच्या वर. पोरीचं रडं तिथेच थांबलं. "आत्या, तुला डायबेटिस आहे. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं."

एव्हाना बायका गोळा झालेल्या. टकामका बघत होत्या. ताई त्यांच्याकडे वळली.

"बगताव काय? सुई हाय, बंदूक नाय. लायनीत या."

आणि आल्या की! रिद्धी एकेकीला परत पाठवत होती, आधी हळदीचे हात धुऊन या म्हणून. प्रत्येकीला नवी सुई. डीजे चालूच. स्ट्रिप्स संपत आल्या तेव्हा तिने शेवटची स्वतःला लावली, तिथेच लाल खुर्चीवर बसून इंजेक्शन घेतलं आणि जेवली.

त्या दिवशी अँग्झायटी पळाली असं नाही. तसं होत नसतं. काउन्सेलरकडे अजूनही जातो, वाईट दिवस अजूनही येतात.

पण दुसऱ्या दिवसापासून ताईचा फोन सुरू झाला. जेवणाआधी, रोज.

"किती?"

"एकशे तीस. तुझी?"

"एकशे नव्वद."

"मग भात कमी खा."

"तू मना शिकवू नको. खा तू."

हळूहळू शाळा सुरू झाली. फोन एक दिवसही चुकला नाही.

आज ताईचा मुलगा दुबईहून येईपर्यंत थांबायचं होतं. दुपार झाली. खोली बायकांनी भरलेली. मागून कोणीतरी बोललं, अगदी ऐकू जाईल असं, की शुगरनेच नेली बेबीला, आता या पोरीचं काय होतंय देव जाणे.

रिद्धीने ऐकलं. तिचे हात थरथरताना मला दिसले. सकाळपासून पोटात धड काही नव्हतं. मी वाकून म्हणालो, चल, गाडीत बसू.

"नको, बाबा. इथेच."

ती सरकत ताईच्या उशाशी गेली. पाऊच उघडला. बोट टोचलं. एकसष्ट.

याला शुगर लो होणं म्हणतात. लगेच गोड पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

एक म्हातारी म्हणाली, मयत उठेपर्यंत या घरात कोणी काही खात नाही. मी तोंड उघडणार होतो, पण त्याआधी रिद्धी ताईच्या चेहऱ्याकडे वाकली.

"आत्या, एकसष्ट आहे. खातेय मी."

आणि ज्यूसच्या पाकिटात स्ट्रॉ घातली. खोलीत तेवढाच आवाज. मग बिस्किटांचा पुडा फोडून खाल्ली.

आता मागून बोलणाऱ्या बाईंना. शुगरचा हात असेलही. डॉक्टर म्हणाले, आधी कित्येक वर्षं तपासलीच नव्हती, त्याने हार्ट खराब झालं. तपासायला लावलं ते याच पोरीने. आमची पोरगी आता लपणार नाही. लग्नात टोचेल, मयतात टोचेल, तुमच्या घरी जेवायला आली तर तुमच्या डायनिंग टेबलवर टोचेल. बघवत नसेल तर तुम्ही गाडीत जाऊन बसा.

बेबीताई, पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा तपासली. एकशे चार. तुला सांगितलं तिने, तुझ्या कानाशी.

त्यानंतरच आम्ही तुला उचललं.

पोरगी ठीक आहे. तू निवांत जा, ताई.